काम उक्तं दिलंय, की माणूस कामाला ठेवलाय?

छोट्या उद्योजकांच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. “त्याला आम्ही पगारावर घेतलेलंच नाही, कन्सल्टंट म्हणून घेतलाय. करार तसा करून घेतलाय ना!” बोलणारा निर्धास्त असतो. करार बहुधा ओळखीच्या कंपनीकडून मागवलेला असतो, त्यात फक्त नावं आणि रक्कम बदललेली असते. हा कन्सल्टंट सकाळी साडेनऊला अंगठा लावून आत येतो, कंपनीच्या लॅपटॉपवर काम करतो, रजेसाठी अर्ज देतो आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम घेतो. त्याचं बिलसुद्धा कंपनीचाच अकाउंटंट तयार करतो. बाहेरचं काम घ्यायला त्याला मनाई असते. कागदावर मात्र ठसठशीत छापलेलं असतं की उभय पक्षांत मालक-नोकर असं नातं नाही.

करारात ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असं लिहिलं की माणूस कर्मचारी ठरत नाही, हा या क्षेत्रातला सर्वांत पसरलेला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. शिकलेसवरलेले उद्योजक तो बाळगतात, काही सल्लागार तो पसरवतात. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याला जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वी उत्तर दिलेलं आहे.

ते उत्तर मिठागरातून आलं. सौराष्ट्रातल्या धारंगधारा केमिकल वर्क्स या कंपनीसाठी अगरिया मीठ पिकवत. त्यांना जमिनीचे तुकडे वाटून दिलेले असत, मोबदला मणामागे मिळे, आणि तपासणीत नापास झालेल्या मिठाचा पैसा मिळत नसे. कामाचे तास ठरलेले नव्हते, हजेरीपट नव्हता, मदतीला माणसं लावायची मुभा होती. कंपनी म्हणाली, हे तर स्वतंत्र कंत्राटदार. नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ‘कामगार’च ठरवलं. अगरिया स्वतः राबत होते आणि मीठ तयार होण्याच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती. मोबदला कोणत्या पद्धतीने दिला, याने त्यात फरक पडला नाही.

पुढे १९७३ मध्ये हैदराबादच्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसचा खटला आला. तिथले शिंपी नगावर पैसे घेत. रोज आलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती, कधी कापड घरी नेऊनही शिवत. पण मशीन दुकानाची होती आणि शिवण बिघडली तर ती नाकारून पुन्हा शिवायला लावण्याचा हक्क दुकानदाराचा होता. तेही कर्मचारी ठरले.

याचा अर्थ लेखी कराराला किंमत नाही, असा अजिबात नाही. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट निष्कर्षही काढला. नवसारीच्या एका नेत्ररुग्णालयातले मानद शल्यचिकित्सक रुग्णालयाच्याच गाडीच्या अपघातात गेले होते. ते रुग्णालयाचे नोकर होते, म्हणून आमचं दायित्व मर्यादित, असं विमा कंपनीचं म्हणणं. न्यायालयाने कराराचा मथळा वाचून हात झटकले नाहीत. मानधन, उत्पन्नातला वाटा, मुदत, लवादाचं कलम असे मुद्दे एकेक करून तराजूत घातले आणि मग तो नोकरीचा करार नव्हता असा निर्णय दिला. अशा वादाला लागू पडेल अशी एकच एक कसोटी नाही, हेही तेव्हा स्पष्ट केलं. तिथे कराराच्या मथळ्याला पोटातल्या कलमांनी साथ दिली. ती साथ नसेल तर करार ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ या जातीचा ठरतो.

न्यायालयं ज्या फरकाचा इतका कीस पाडतात, तो मराठी माणसाला रोजच्या व्यवहारात पक्का ठाऊक आहे. घर रंगवायला आपण दोन प्रकारे देतो, उक्तं किंवा रोजंदारीवर. उक्तं दिलं की रंगारी किती वाजता आला हे कुणी विचारत नाही. ब्रश त्याचे, शिडी त्याची, हाताखालची पोरं त्याची. आठ दिवसांत उरकलं तर फायदा त्याचा, महिना लागला तर तोटाही त्याचा. दुपारी तो शेजारच्या सोसायटीत दुसरं काम बघून आला तरी आपली हरकत नसते. स्वतंत्र कंत्राटदार म्हणजे नेमकं हेच: उक्तं काम घेणारा. वेळ, जागा, साधनं, रजा, पद्धत हे सगळं आपण ठरवत असू आणि नफा-तोट्याची झळ त्याला लागत नसेल, तर आपण माणूस कामाला ठेवला आहे.

शब्दाचा एक घोळ इथे भर घालतो. मराठीत ‘कंत्राटी’ म्हटलं की दोन वेगळी माणसं एकाच पिशवीत जातात. ठेकेदारामार्फत पुरवलेला कंत्राटी कामगार वेगळा आणि स्वतःच्या नावावर काम घेणारा स्वतंत्र कंत्राटदार वेगळा. पहिल्यासाठी कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा आला. तिथेही ठेका केवळ देखावा असेल, तर कामगार मूळ मालकाचेच ठरू शकतात. मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला, तो याच वाटेने.

चुकीच्या शिक्क्याची किंमत काय? वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो. त्यातली ‘कर्मचारी’ची व्याख्या बरीच रुंद आहे. चौकशीत ‘कन्सल्टंट’ त्या व्याख्येत बसले, तर मागची थकबाकी, तिच्यावर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर दंडात्मक नुकसानभरपाई अशी वसुली निघते. मागच्या काळातला कामगाराचा वाटाही तेव्हा मालकालाच भरावा लागतो, कारण तो नंतरच्या वेतनातून कापता येत नाही. दुसऱ्या बाजूला त्या माणसाची पाच-सात वर्षं ना निधीत मोजली जातात, ना ग्रॅच्युइटीत. आजारपणात किंवा काम सुटल्यावर त्याला हे कळतं. हा प्रश्न कागदी चलाखीचा आहे असं मानणाऱ्यांनी त्या माणसाचा चेहरा एकदा नजरेसमोर आणावा.

बाकीचे गैरसमज याच झाडाच्या फांद्या आहेत.

‘दहा टक्के टीडीएस कापला, म्हणजे तो प्रोफेशनल.’ नाही. कर कोणत्या कलमाखाली कापला हा पुराव्यातला एक तुकडा आहे. त्याने नातं ठरत नाही.

‘गिग वर्कर म्हटलं की सुटलो.’ २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आहे, पण ती पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर कमावणाऱ्यांची आहे. रोज साडेनऊला अंगठा लावणाऱ्याची नव्हे.

‘पैसे दिले, म्हणजे काम आमच्या मालकीचं.’ हा मात्र जरा थांबून बघायचा मुद्दा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. स्वतंत्र कंत्राटदाराने लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा किंवा मजकुराचा पहिला मालक मात्र तो स्वतः असतो. कंपनीला हक्क हवा असेल तर कलम १९ प्रमाणे लेखी, सहीनिशी हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर हक्क भारतापुरता. इंटरनेटवरून उतरवलेल्या अमेरिकी नमुन्यांत ‘वर्क मेड फॉर हायर’ हे शब्द असतात. ती अमेरिकी कायद्यातली संकल्पना आहे आणि त्या चार शब्दांवर विसंबून इथे ॲप विकायला काढणाऱ्याची पंचाईत होते.

‘करार संपल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही.’ १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे हे टिकत नाही. श्रीरामपूरच्या झहीर खान या क्रिकेटपटूवर त्याच्या जुन्या व्यवस्थापन कंपनीने करार संपल्यानंतरही ‘आधी आम्हाला विचार’ असा हक्क सांगितला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फेटाळला. गुपितं जपण्याचं कलम जरूर घालावं. आणि कराराच्या काळात ‘दुसरं कुठलंच काम घ्यायचं नाही’ असं लिहिण्याआधी दहादा विचार करावा. ते कलमच समोरचा माणूस नोकर असल्याचा पुरावा बनू शकतं.

‘शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलं की पक्कं.’ महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशे आले, हे अजून अनेकांच्या गावी नाही. आणि मुद्रांक कमी पडला म्हणून करार रद्दबातल होत नाही. शुल्क व दंड भरेपर्यंत तो पुराव्यात घेतला जात नाही, इतकंच. सात न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये हा फरक स्पष्ट केला आहे.

‘वाद झाला तर लवाद आम्ही नेमू.’ निकालात ज्याचं हित आहे, त्याने एकट्याने लवाद नेमणं न्यायालयं मान्य करत नाहीत.

‘कन्सल्टंट बाईंना अंतर्गत समितीकडे जाता येत नाही.’ येतं. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रार करणारी स्त्री नोकरीत असलीच पाहिजे अशी अट नाही.

‘फ्रीलान्सरचं बिल सवडीने द्यावं.’ तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर लेखी करारातही ४५ दिवसांपलीकडची मुदत चालत नाही आणि करारच नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं.

मग वकिलाकडे जायचं कशासाठी? तयार मसुद्यासाठी जाऊ नये, त्याच्या प्रश्नांसाठी जावं. चांगला वकील आधी विचारतो: हा माणूस तुमच्या ऑफिसात बसणार का? साधनं कोणाची? तो आणखी कोणाचं काम करतो? त्याच्याऐवजी त्याने दुसरा कुणी पाठवला तर चालेल का? काम बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा? मग तो कराराला जोडायचं परिशिष्ट लिहायला सांगतो: नेमकं काय तयार करून द्यायचं, कोणत्या तारखेला, कोणत्या टप्प्याला किती रक्कम.

हे परिशिष्ट लिहिताना बऱ्याच उद्योजकांची लेखणी अडते. ‘वेळोवेळी सांगू ते काम’ याखेरीज त्यांना काही सुचत नाही. तसं असेल तर त्यांना नेमणूकपत्र हवं आहे, आणि कायद्यात त्याची सोय आहे. ठरावीक मुदतीची नेमणूक करता येते, मुदत संपली की ती आपोआप संपते. सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे अशा कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्षाच्या सेवेनंतर तिचा हक्क मिळतो. मालकाला तेवढा खर्च धरावा लागतो, पण तो पहिल्या दिवशीच माहीत असतो.