संगणक सुरू कां होत नाहीं ?

वऱ्हाडांतला उन्हाळा प्रखर असतो. मे महिन्यांत अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांच्या वर चढतो. अशा दिवसांत अडत्याच्या पेढीवर किंवा विद्यार्थ्याच्या खोलींत बटण दाबूनही संगणक सुरू होत नाहीं, तेव्हां ‘सर्व पुसून नव्यानें भरा’ असा सल्ला सहज दिला जातो. तो मानण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी : यंत्र पुन्हां विकत मिळतें, त्यांतील हिशेब किंवा प्रबंध मिळत नाहीं. म्हणून दुरुस्तीच्या आधीं यंत्र नेमकें कोठें अडलें, हें पाहणें अवश्य आहे.

दिवा लागत नाहीं व पंखाही फिरत नाहीं, असें असल्यास दोष विजेच्या मार्गांत शोधावा. त्याच सॉकेटांत दुसरा दिवा लावून पाहावा, वायर घट्ट बसवावी, पेटीमागील बटण तपासावें, यूपीएस वगळून थेट वीज देऊन पाहावी. एवढ्यानें भागलें नाहीं, तर २३० व्होल्टांच्या विजेचें १२, ५ व ३.३ व्होल्टांत रूपांतर करणारा एसएमपीएस बिघडला असण्याचा संभव असतो. तो घरीं उघडूं नये. वायर काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरांत घातक वीज सांचलेली राहूं शकते.

पंखा फिरतो, पण मॉनिटर काळाच राहतो, हा दुसरा प्रकार. प्रारंभीं संगणक स्वतःच्या अवयवांची परीक्षा घेतो; १९८१ सालच्या आयबीएमच्या संगणकांतही ही सोय होती. दोष आढळल्यास अनेक यंत्रें ठराविक ‘बीप’ देतात. त्यांचा अर्थ मदरबोर्डाच्या पुस्तिकेंत पाहावा. मॉनिटरची वायर ठीक असल्यास वीज तोडून, पेटीच्या धातूला हात लावून, रॅमची पट्टी काढून पुन्हां नीट बसवावी. हात लावण्याचें कारण असें, कीं कोरड्या हवेंत अंगावर सांचलेली स्थिरविद्युत् नाजूक भागांस जाळूं शकते.

यंत्र सुरू होऊन थोड्या वेळानें आपोआप बंद पडत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. फार तापल्यास प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ काम थांबवतो. त्याच्या पंख्यावरील धूळ काढावी. मात्र कूलरच्या ओल्या झोतासमोर पेटी ठेवूं नये, कारण ओलाव्यानें जोड गंजतात. घड्याळ वारंवार चुकत असेल, तर मदरबोर्डावरील ३ व्होल्टांची, नाण्याएवढी बॅटरी बदलावी.

हें सर्व ठीक असूनही विंडोज सुरू होत नसेल, तर काम चालू असतां वीज गेल्यानें फायली बिघडल्या असतील, किंवा हार्ड डिस्कच निकामी होत असेल. डिस्कमधून ‘टकटक’ आवाज येऊं लागल्यास यंत्र ताबडतोब बंद करून तज्ज्ञाकडे न्यावें. आवाज नसल्यास ती दुसऱ्या संगणकास जोडून प्रथम सर्व मजकूर उतरवून घ्यावा. पुसण्याचा विचार त्यानंतर.

प्रत्येक पायरीवर मात्र एका वेळीं एकच बदल करावा. नाहीं तर गुण कशानें आला, हें कळत नाहीं.