रस्त्यावरील शर्यत आणि कायदा

पोलादपूरहून दोन वाटा डोंगरात शिरतात. एक आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरास जाते. दुसरी, मुंबई-गोवा महामार्गाची, कशेडीचा डोंगर ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात उतरते. महाडजवळ हा महामार्ग आता रुंद झाला असून कशेडीची वळणे टाळणारा बोगदाही झाला आहे. रस्ता मोकळा दिसला की तरुण मनास वेगाचा मोह पडतो, आणि शेजारी दुसरी गाडी आली म्हणजे त्या मोहाची शर्यत होते. अशा शर्यतीविषयी कायदा काय सांगतो, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वये, राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी मोटारींची शर्यत लावणे हा गुन्हा होय. त्यास अपघात घडण्याची अट नाही. भाग घेतला एवढे पुरे. शर्यत होऊ देणाराही दोषी ठरतो. मात्र मूळची शिक्षा सौम्य होती : एक महिन्यापर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती वाढविणारे विधेयक ऑगस्ट २०१६ मध्ये लोकसभेत आले. परंतु ते पूर्णत्वास गेले नाही. २०१९ साली नवे विधेयक मांडण्यात येऊन संमत झाले. आता पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कोणास इजा झाली नसता शिक्षा कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर गणितात आहे. ताशी शंभर किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे अठ्ठावीस मीटर जाते. म्हणजे चालक सावध होऊन ब्रेकवर पाय ठेवीपर्यंतच एवढे अंतर सरलेले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर जवळजवळ चौपट होते. घाटाच्या वळणापलीकडून येणाऱ्या पादचाऱ्यास यातील काहीच ठाऊक नसते. त्याने पैज स्वीकारलेली नसते. प्राण मात्र त्याचा पणास लागतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडविणाऱ्यास भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण ती वेळ येते तेव्हा एका घरचा दिवा विझून गेलेला असतो.

म्हणून २०१९ च्या दुरुस्तीतील १९९-अ हे कलम विशेष महत्त्वाचे आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपणास माहिती नव्हती, किंवा आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे पालकानेच सिद्ध करावयाचे असते.

प्रत्येक वळणावर शिपाई उभा करणे शक्य नाही. शर्यत रोखण्याची पहिली संधी, गाडीची किल्ली ज्याच्या हाती आहे, त्यालाच मिळते. आणि कायद्याने जबाबदारीही तेथेच ठेवली आहे.