दैनंदिन जीवनातील मापन

एखादी राशी ठरवून दिलेल्या एककाच्या किती पट आहे हे काढणे म्हणजे मापन होय. रोजच्या व्यवहारात लांबी, वस्तुमान आणि धारकता या तीन राशी सर्वाधिक वेळा मोजाव्या लागतात. माप हा देणारा आणि घेणारा यांच्यातील करार असतो. ते दोघांसाठी सारखे नसेल तर एकाचे नुकसान ठरलेलेच असते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या शहरात मजुरी, माल आणि किंमत ही तिन्ही मापावर ठरतात, तसेच जुनी व नवी एकके शेजारी शेजारी वापरली जातात. म्हणून या लेखातील अनेक उदाहरणे तेथील आहेत.

पारंपरिक मापे

पूर्वी लांबी अंगुळ, वीत आणि हात यांनी मोजीत. १२ अंगुळांची एक वीत व दोन वितींचा एक हात होत असे. एकच बाक लहान मुलाने आणि मोठ्या माणसाने वितीने मोजला तर दोन वेगळी उत्तरे येतात. शरीराच्या अवयवांवर आधारलेल्या मापांची हीच मर्यादा आहे. सोन्यासाठी गुंज, मासा व तोळा ही वजने होती. ८ गुंजांचा एक मासा व १२ माशांचा एक तोळा होई.

धान्यासाठी चिपटे, मापटे, शेर व पायली ही मापे वापरीत. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली असे कोष्टक होते. ही मापे धारकतेची होत, वस्तुमानाची नव्हेत. त्यामुळे पायलीभर भात आणि पायलीभर तांदूळ यांचे वजन सारखे भरत नाही. माप शिगोशीग भरायचे की काठाशी सपाट करायचे, यावरूनही धान्य कमी-अधिक होई. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे.

एकाच नावाचे माप सर्वत्र समान नसे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोग्रॅमचा होता. बंगाली मण मात्र सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा होता.

दशमान पद्धती

हा घोळ मिटवण्यासाठी १९५६ साली भारतात प्रमाणित वजने व मापे यांचा कायदा झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली. मीटर हे लांबीचे आणि किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे. धारकता लिटरमध्ये मोजतात. १० सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाकृती डब्यात बरोबर एक लिटर द्रव मावतो. एक लिटर पाण्याचे वस्तुमान सुमारे एक किलोग्रॅम असते, पण हा नियम प्रत्येक द्रवाला लागू नाही. खाद्यतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर बहुधा ९१० ग्रॅम असे छापलेले असते, कारण तेल पाण्यापेक्षा हलके असते. म्हणून लिटरचा भाव आणि किलोचा भाव यांची थेट तुलना करता येत नाही.

यंत्रमागावरील मापन

भिवंडीत कापडाची लांबी मीटरमध्ये, तर पन्हा अद्याप इंचांत सांगतात. ४४ इंच पन्हा म्हणजे सुमारे ११२ सेंटिमीटर. सूत इतके बारीक असते की त्याची जाडी पट्टीने मोजता येत नाही. त्यासाठी लांबी व वस्तुमान यांची सांगड घालतात. ९००० मीटर सुताचे जितके ग्रॅम वजन भरते, तितके त्याचे ‘डेनियर’ असते. ७५ डेनियरचे ९००० मीटर सूत केवळ ७५ ग्रॅम भरते. या हिशेबाने दीड किलोग्रॅम सुताची लांबी १८० किलोमीटर होते. भिवंडीहून पुण्याला पोहोचून ते उरेल. सुती धाग्यासाठी ‘काउंट’ हे माप वापरतात. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्याचा काउंट. त्यामुळे डेनियर वाढला की सूत जाड होते, काउंट वाढला की बारीक.

मागावरील कामगाराची मजुरी सामान्यतः विणलेल्या कापडाच्या मानाने ठरते. मीटर म्हणून वापरलेली पट्टी १०१ सेंटिमीटरची असेल, तर १०१ मीटर कापड विणणाऱ्याला १०० मीटरचीच मजुरी मिळेल. उलट, दुकानातील पट्टी ९८ सेंटिमीटरची असेल तर १०० मीटरचे पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पदरी ९८ मीटरच कापड पडेल. लांब पट्टी विणणाऱ्याला बुडवते आणि आखूड पट्टी विकत घेणाऱ्याला. ‘मापात पाप’ म्हणतात ते हेच.

पडताळणी व ग्राहकाची दक्षता

वैध मापन अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलात आहे. व्यापारात वापरायची वजने, मापे व काटे शासकीय यंत्रणेकडून तपासून मुद्रांकित करून घ्यावी लागतात. लोखंडी वजनांची व मीटरपट्टीची फेरतपासणी दर दोन वर्षांनी, तर इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी करावी लागते.

खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी मुलांनाही तपासता येतात :

• वस्तू ठेवण्यापूर्वी काट्यावर शून्य दिसते का?
• मिठाईबरोबर खोक्याचे वजन तर धरले जात नाही ना?
• कापड ताणून तर मोजले जात नाही ना?
• वेष्टनावर निव्वळ वजन किंवा धारकता छापली आहे का?

वर्गात करण्याजोगी कृती : आपली वीत एकदा सेंटिमीटरमध्ये मोजून वहीत लिहून ठेवावी. तिच्या साहाय्याने बाकाच्या लांबीचा अंदाज करावा आणि मग मोजपट्टीने पडताळून पाहावा. अंदाज आणि प्रत्यक्ष माप यांतील फरक सरावाने कमी होत जातो. मोजपट्टी हाताशी नसतानाही मग मापातील मोठी तफावत नजरेतून सुटत नाही.