सशर्त संकलनातील संचालन प्रणालींची नावे

एकाच आज्ञावलीच्या मूळ मजकुरातील कोणता भाग कोणत्या संचालन प्रणालीसाठी (ऑपरेटिंग सिस्टिमसाठी) घ्यावयाचा, हे ठरविण्यासाठी प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये काही नावे निश्चित केलेली असतात. सशर्त संकलनाच्या अटींमध्ये ही नावे वापरली जातात. सी, गो, रस्ट आणि स्विफ्ट या भाषांत अशा नावांची पद्धत आणि व्याप्ती वेगवेगळी आहे.

स्वरूप

फाइलींच्या परवानग्या तपासणे किंवा नवी प्रक्रिया सुरू करणे ही कामे विंडोज व लिनक्स या प्रणालींमध्ये भिन्न रीतीने होतात. अशा कामांचा मजकूर 'विंडोज असल्यास' किंवा 'लिनक्स असल्यास' अशा अटींखाली लिहितात. संकलक, म्हणजेच कंपायलर, ही अट प्रोग्रॅम चालू होण्यापूर्वीच तपासतो. अट पूर्ण न झाल्यास तेवढा भाग तयार होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये समाविष्टच होत नाही. त्यामुळे अटीतील नाव नेमके कशाचे निदर्शक आहे, याला महत्त्व येते.

सी भाषेतील नावे

सी भाषेत ही नावे मॅक्रोच्या रूपात असतात. यूनिक्सवरील जुने संकलक 'यूनिक्स', 'लिनक्स' अशी साधी नावे पुरवीत व त्यांचे मूल्य १ असे. एखाद्याने आपल्या चलाला 'लिनक्स' हे नाव दिल्यास त्या जागी १ हा अंक येई आणि संकलन अडे. १९८९ च्या सी मानकाने दोन अधोरेषांनी सुरू होणारी नावे संकलकासाठी राखून ठेवली. म्हणून आज नावाच्या दोन्ही बाजूंना दुहेरी अधोरेषा असलेले रूप वापरतात. विंडोजसाठीचे 'विन३२' हे नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. आरंभी एक अधोरेषा असलेला हा मॅक्रो ६४-बिट विंडोजसाठी संकलन करतानाही उपलब्ध असतो.

नावांची व्याप्ती

अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे. परंतु 'लिनक्स' या नावात अँड्रॉइडचा समावेश होतो की नाही, याचे उत्तर भाषेगणिक बदलते. सी आणि गो या भाषांत तो होतो. रस्टमध्ये लक्ष्य प्रणाली म्हणून 'लिनक्स' आणि 'अँड्रॉइड' परस्परांहून भिन्न मानल्या जातात. 'यूनिक्स' ही अट मात्र दोन्हींना लागू पडते. गोची समजूत घेऊन रस्टमध्ये लिहिणाऱ्याचा मजकूर त्यामुळे अँड्रॉइडवर वगळला जाऊ शकतो.

गो भाषेत फाइलीच्या नावाअखेरीस 'अधोरेषा लिनक्स' असल्यास ती फाइल केवळ लिनक्ससाठी (आणि अर्थात अँड्रॉइडसाठी) घेतली जाते. २०२२ मध्ये गो १.१९ या आवृत्तीत 'यूनिक्स' ही सामायिक अट आली. पण फाइलीच्या नावातील 'यूनिक्स' या प्रत्ययाला तसा अर्थ दिला गेला नाही. त्या प्रत्ययाच्या अनेक फाइली आधीपासूनच प्रचलित होत्या व त्यांचा अर्थ अकस्मात बदलला असता.

नामांतराचा परिणाम

२०१६ मध्ये ॲपलने 'ओएस एक्स' या प्रणालीचे नाव 'मॅकओएस' असे केले. त्याच वर्षीच्या स्विफ्ट ३ मध्ये 'मॅकओएस' हे नाव स्वीकारण्यात आले आणि जुने नाव समानार्थी म्हणून कायम राहिले. २०१९ मध्ये आयपॅडच्या प्रणालीला 'आयपॅडओएस' हे स्वतंत्र नाव मिळाले. स्विफ्टमध्ये मात्र ती 'आयओएस' या अटीतच मोडते. विक्रीसाठीचे नाव आणि संकलकाचे नाव एकच असेल असे नाही.

चुकीच्या नावाचा धोका

सी भाषेत अटीतील नाव अज्ञात असल्यास त्याचे मूल्य शून्य धरले जाते. नावात एका अक्षराची चूक झाली तरी संकलक सहसा तक्रार करीत नाही. वगळलेला भाग परवानग्या तपासणारा असेल, तर प्रोग्रॅम तयार होतो, चालतोही. उणीव वापरकर्त्याच्या संगणकावर उघडकीस येते. यावर उपाय म्हणून कोणतीही अट न जुळल्यास संकलन थांबविणारी आज्ञा शेवटच्या शाखेत लिहितात. स्विफ्टचा संकलक अपरिचित प्रणालीच्या नावाबद्दल इशारा देतो. २०२४ मधील रस्ट १.८० पासून कार्गो या साधनाद्वारे अशी नावे आपोआप पडताळली जातात.

काही प्रसंगी प्रणालीचे नाव विचारण्याऐवजी आवश्यक सुविधाच तपासता येते. स्विफ्ट ४.१ मध्ये (२०१८) एखादे मॉड्यूल आयात करता येते का, हे पाहणारी अट त्यासाठी उपलब्ध झाली.