मोबाईल, टेलिव्हिजन आणि मधली तार

विजेच्या उपकरणांविषयी आपणां सर्वांच्या मनात एक भोळी समजूत घर करून असते. तारेचे टोक खोबणीत नीट बसले, म्हणजे काम झाले, असे आपण धरून चालतो. नळाला रबरी नळी लावावी आणि दुसऱ्या तोंडातून पाणी यावे, इतका हा व्यवहार सरळ असावा असे आपल्याला वाटते. विजेच्या दिव्यापुरती ही समजूत खरीही आहे. परंतु जेथे तारेतून चित्र आणि ध्वनी पाठवावयाचा असतो, तेथे ती आपल्याला हमखास दगा देते. मला हा दगा ज्या प्रसंगी अनुभवास आला, तो प्रसंग प्रथम सांगतो. म्हणजे या विषयाचे प्रयोजन आपोआप ध्यानात येईल.

माझी आई सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखरे आणि दृष्टी मंदावलेली. तिचे थोरले बंधू, म्हणजे माझे मामा, इंदूरला असतात. गेल्या वर्षी त्यांचे सहस्रचंद्रदर्शन झाले. एवढा प्रवास आईला झेपण्यासारखा नव्हता. "तू जा, आणि आल्यावर मला सगळं दाखव," असे सांगून तिने माझी रवानगी केली. मी तो समारंभ मोबाईलवर चित्रित केला. शेवटी मामांनी मोबाईलकडे पाहून, आईला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारून चार शब्द सांगितले.

घरी येऊन मी मोबाईल आईच्या हाती दिला. तिने तो जवळ धरला, लांब धरला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला, आणि म्हणाली, "कोण कोण आहे काही कळत नाही रे. मुंग्या फिरल्यासारखं दिसतं." मग भिंतीवरच्या ४३ इंची टेलिव्हिजनकडे बोट करून तिने विचारले, "हे तिथं नाही का लावता येत?"

प्रश्न रास्त होता. आमच्या गावात मोबाईलला रेंज मिळते ती अंगणातल्या एका कोपऱ्यात, आणि तीही लहर लागेल तेव्हा. तेव्हा इंटरनेटच्या वाटेने चित्र नेण्याचा विचार सोडून मी तालुक्याच्या गावी गेलो, आणि एका दुकानातून एक तार घेऊन आलो. तिचे एक टोक मोबाईलमध्ये बसले, दुसरे टेलिव्हिजनमध्ये बसले. दोन्ही टोके अगदी मापात. पडद्यावर मात्र 'सिग्नल नाही' एवढीच अक्षरे. तार काढली, घातली, फुंकर मारली. अक्षरे ढळली नाहीत. आई म्हणाली, "राहू दे. पुन्हा कधीतरी." हे 'पुन्हा कधीतरी' मला लागले, आणि दोष कोठे आहे याचा मी शोध घेऊ लागलो. त्या शोधात जे कळले ते येथे सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट टेलिव्हिजनची. त्याच्या पाठीशी किंवा कडेला ज्या खोबणी असतात, त्यांपैकी दोन आपल्या कामाशी संबंधित आहेत. एक यूएसबीची, आणि दुसरी एचडीएमआयची. मोबाईलच्या चार्जरची तार यूएसबीच्या खोबणीत बसते, म्हणून पुष्कळ लोक तीच लावून पाहतात. परंतु टेलिव्हिजनवरची ही खोबण म्हणजे चित्राचे प्रवेशद्वार नव्हे. पेन ड्राइव्हमध्ये साठविलेल्या फाइली वाचण्यासाठी ती ठेवलेली असते. काही संच मोबाईललाही पेन ड्राइव्ह समजून त्यातली छायाचित्रे दाखवितात. पुष्कळ संच मोबाईलची बॅटरी तेवढी भरतात. मोबाईलच्या पडद्यावर जे चालले आहे ते मोठ्या पडद्यावर दिसावे असे वाटत असेल, तर दार एकच, एचडीएमआयचे.

या जोडणीचा पहिला आराखडा २००२ सालच्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. हिताची, सोनी, तोशिबा, फिलिप्स आदी कंपन्यांनी मिळून तो तयार केला होता. तत्पूर्वी चित्रासाठी पिवळी आणि आवाजासाठी लाल व पांढरी, अशा तीन तारा लावाव्या लागत. व्हीसीआर वापरलेल्या श्रोत्यांना त्या आठवत असतील. एचडीएमआयने चित्र आणि ध्वनी एकाच तारेत आणले. तिच्या नेहमीच्या टोकाला १९ पिना असतात.

जुन्या आणि नव्या पद्धतीत एक मूलभूत भेदही आहे. १९७२ साली मुंबईला टेलिव्हिजन केंद्र सुरू झाले, त्यानंतरच्या काळात गच्चीवरच्या अँटेनापासून घरात आलेली तार थोडी सैल झाली, तर पडद्यावर मुंग्या येत, एका माणसाच्या मागे त्याचीच सावली दिसे; पण काहीतरी दिसे. त्या तारेतून चित्राची लहर जात असे, आणि लहर क्षीण झाली तरी ती लहरच राहते. नव्या पद्धतीत तारेतून अंक जातात. ते नीट पोहोचले, तर चित्र स्वच्छ उमटते. फारच बिघडले, तर चित्र तुटते किंवा मुळीच येत नाही. त्यामुळे आपण चुकलो कोठे, याचा सुगावा अंधारलेला पडदा लागू देत नाही.

आता त्या अंकांचा हिशेब करू. पूर्ण एचडी म्हटल्या जाणाऱ्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात. बिट म्हणजे 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगणारी खूण. सेकंदाला असली ६० चित्रे पाठवावयाची, तर दर सेकंदाला सुमारे २९९ कोटी खुणा तारेतून धावल्या पाहिजेत. उलट, चार्जरबरोबर मिळणारी साधी तार बहुधा यूएसबीच्या ज्या जुन्या पद्धतीची असते, तिची कमाल मर्यादा सेकंदाला ४८ कोटी खुणांची आहे. सहा पटींहून अधिक भार तिने वाहावा कसा? कोणी म्हणेल, चित्रपट तर मोबाईलमध्ये सहज मावतो! तो मावतो, कारण तेथे तो पैठणीसारखा घडी घालून ठेवलेला असतो. टेलिव्हिजनकडे पाठविताना मात्र ती घडी उलगडून सबंध पैठणी पसरावी लागते.

दुसरी गोष्ट मोबाईलची, आणि माझा घात झाला तो येथेच. आजच्या बहुतेक मोबाईलना जी लांबट गोल, कशीही उलटसुलट बसणारी खोबण असते, ती यूएसबी-सी. तिचा आराखडा २०१४ साली जाहीर झाला. तिच्यात २४ संपर्कबिंदू आहेत. त्यांतील काही वीज नेतात, काही फाइली नेतात, आणि वेगवान अशा ज्या जोड्या आहेत, त्या प्रसंगी चित्र नेण्याच्या कामी लावता येतात. या सोयीला डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड असे नाव आहे. परंतु ही सोय देणे निर्मात्यावर बंधनकारक नाही. मोबाईलच्या आतल्या मंडलातून चित्राच्या वाहिन्या त्या खोबणीपर्यंत आणून सोडल्या असतील, तरच चित्र बाहेर येईल. खर्च वाचविण्यासाठी अनेक स्वस्त मोबाईलमध्ये त्या आणलेल्या नसतात. बाहेरून पाहता दोन्ही मोबाईलची तोंडे एकसारखी. एक बोलका, दुसरा मुका. तारेचे टोक दोहोंतही तितकेच घट्ट बसते.

जेथे ही सोय असते, तेथे तार लागताच दोन्ही उपकरणांत एक संभाषण होते. मधला अडॅप्टर मोबाईलला प्रथम सांगतो, 'मी बॅटरी भरणारा नव्हे, चित्र नेणारा आहे.' मोबाईलला ही भाषा समजली, तर तो आपल्या वेगवान जोड्या चित्राच्या कामी लावतो. मग टेलिव्हिजनमध्ये साठविलेली एक छोटी नोंद वाचली जाते. माझा पडदा किती ठिपक्यांचा, सेकंदाला किती चित्रे मी दाखवू शकतो, कोणत्या प्रकारचा ध्वनी मला चालतो, हे सारे तीत लिहिलेले असते. तिला अनुसरून मोबाईल चित्र पाठवू लागतो. हे सर्व दोन-चार सेकंदांत उरकते. माझ्या मोबाईलला पहिल्या वाक्याचाच अर्थ कळत नव्हता. पुढचे संभाषण होणार कसे?

तेव्हा तार विकत घेण्यापूर्वी आपल्या मोबाईलच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउट' हे शब्द शोधावेत. नुसत्या यूएसबीच्या क्रमांकावर विसंबू नये. २०२३ साली आलेल्या आयफोन १५ मध्ये फाइली नेण्याचा वेग जुन्या यूएसबी २ चाच आहे, तरी त्यातून चित्र बाहेर येते. कारण डिस्प्लेपोर्टची सोय त्यात स्वतंत्रपणे केलेली आहे. त्यापूर्वीच्या, म्हणजे आयफोन ५ ते १४ या मालिकेतील मोबाईलना लायटनिंग नावाची निराळी खोबण आहे. त्यांना त्याच खोबणीसाठी बनविलेला एचडीएमआय अडॅप्टर लागतो. २०१० नंतरच्या काही वर्षांत कित्येक मोबाईलमध्ये एमएचएल नावाची पद्धत होती आणि ती लहान मायक्रो-यूएसबी खोबणीतून चित्र नेत असे. नव्या मोबाईलमधून ती नाहीशी झाली आहे. दुकानात तिच्या तारा कोठे शिल्लक असल्या, तर त्या घेऊन फसू नये.

मोबाईल बोलका आहे अशी खात्री झाली, की पुढचे काम सोपे आहे. यूएसबी-सी ते एचडीएमआय अशी अखंड तार घ्यावी, किंवा लहान अडॅप्टर घेऊन त्याला नेहमीची एचडीएमआय केबल जोडावी. अडॅप्टरला चार्जर लावण्याची जागा असेल तर अधिक बरे, कारण मोठ्या पडद्यावर चित्र पाठविताना बॅटरी झपाट्याने उतरते. तार टेलिव्हिजनच्या ज्या खोबणीत घातली, तिचा क्रमांक पाहून ठेवावा, आणि रिमोटवरील 'सोर्स' किंवा 'इनपुट' हे बटण दाबून तोच क्रमांक निवडावा. कित्येकदा सारे काही बिनचूक असते, आणि टेलिव्हिजन मात्र शेजारच्या रिकाम्या खोबणीची वाट पाहत बसलेला असतो.

यातूनही एक अडचण उरते. स्वतः घेतलेली छायाचित्रे आणि चित्रफिती निर्वेध दिसतात. परंतु वर्गणी भरून पाहावयाचे चित्रपट कधीकधी दिसत नाहीत, पडदा काळा राहतो. चोरून प्रत काढता येऊ नये यासाठी एचडीसीपी नावाचे एक कुलूप वापरले जाते. मोबाईल, अडॅप्टर आणि टेलिव्हिजन या तिघांनाही त्याची किल्ली ठाऊक असावी लागते. अडॅप्टर हलक्या प्रतीचा असला, तर तेथे अडते.

आमच्या घरी हे सारे जमले ते गणेशचतुर्थीला. मुंबईहून आलेल्या माझ्या पुतण्याच्या मोबाईलमध्ये ही सोय होती. मी समारंभाची चित्रफीत त्याच्या मोबाईलवर उतरविली, आणि तार जोडली. क्षणभर पडदा काळा झाला, आणि मग इंदूरचा तो मांडव आमच्या माजघरातल्या भिंतीवर उभा राहिला. ऐंशी निरांजनांची आरास, भाचरे, नातवंडे, सगळी आईला ओळखू आली. मध्येच पडद्याच्या माथ्यावर पुतण्याच्या बँकेचा संदेश झळकला, आणि त्याच्या खात्यातली शिल्लक जमलेल्या सर्व मंडळींनी मोठ्याने वाचली. मोबाईलवर जे येईल ते सारेच तार पलीकडे पोहोचविते. म्हणून असे काही लावण्यापूर्वी येणारे संदेश बंद करून ठेवावेत, हा धडा त्या दिवशी घरातल्या सर्वांना मिळाला.

दुसरा धडा माझ्या एकट्याचा. मामांचे बोलणे मी मोबाईल उभा धरून टिपले होते. उभे चित्र आडव्या पडद्यावर आले, की त्याच्या रुंदीचा एकतृतीयांशही भाग व्यापत नाही. एवढ्या मोठ्या टेलिव्हिजनवर मामा मधल्या एका अरुंद पट्ट्यात उभे होते, आणि दोन्ही बाजूंना अंधार होता. मोबाईल आडवा धरला असता, तर चेहरा केवढातरी मोठा दिसला असता, याची मला चुटपुट लागली.

आईला ती नव्हती. मामांनी तिला हाक मारली तशी ती पाटावरून उठली, भिंतीला धरत पडद्यापाशी गेली, आणि म्हणाली, "दादा, किती वाळलास रे!" मामांचे बोलणे संपले, पडदा स्तब्ध झाला. तिने मागे वळून पुतण्याला विचारले, "तुझी तार अजून लावलेली आहे ना? मग पुन्हा लाव." त्या संध्याकाळी आम्ही ते चार वेळा लावले.