आवाज आला की चालणारा टेप

हातात मावेल एवढा टेपरेकॉर्डर, पोटात दोन पेन्सिल सेल, वर झाकणाखाली कॅसेट, आणि कडेला एक बारीक सरकती कळ. तिच्यापुढे तीन खुणा: एच, एल, ऑफ. कळीवर लिहिलेलं असतं ‘व्हीओआर’. सोनीच्या टीसीएम मालिकेतल्या अनेक टेपवर ही सोय होती. पॅनासॉनिकसारख्या इतर कंपन्यांनी ती आपापल्या नावांनी दिली. खोलीत कोणी बोललं की टेप आपोआप सुरू, बोलणं थांबलं की काही सेकंदांनी आपोआप बंद. फीत वाचते, सेल वाचतात आणि नंतर ऐकणाऱ्याचा वेळही वाचतो. पत्रकार, वकील, डॉक्टर आणि पत्रं तोंडी सांगून टाइप करून घेणारे साहेब यांच्यासाठी ही मोठीच सुविधा होती.

मात्र आठवणी सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसापुढे हे यंत्र ठेवायचं, तर ती कळ ‘ऑफ’वरच असली पाहिजे. मनीषनगरच्या एका घरातल्या दोन कॅसेट ऐकल्यापासून मी हे भेटेल त्याला सांगत असते. त्या कॅसेटकडे येण्याआधी हे यंत्र नेमकं करतं काय, ते बघू.

फिलिप्सनं 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात पहिली कॅसेट आणि तिचा टेप दाखवला. त्यामागे लू ओटेन्स आणि बेल्जियममधल्या हॅसेल्टच्या कारखान्यातले त्यांचे सहकारी होते. जेमतेम 3.81 मिलिमीटर रुंदीची फीत, वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. कॅसेटचा जन्म बोलणं टिपण्यासाठी झाला, गाणी तिच्यात नंतर आली. बातमीदारांच्या गळ्यात अडकवायला सोनीनं ‘प्रेसमन’ काढला, आणि त्यातली ध्वनिमुद्रणाची सोय काढून 1979 साली वॉकमन बनला. आवाजावर चालणारे टेप याच बातमीदारी कुळातले.

त्यांना शब्द कळत नाहीत, फक्त आवाजाचा जोर कळतो. माइकमध्ये आलेला आवाज वीज होऊन आतल्या सर्किटमध्ये जातो. तिथे ठरवून दिलेल्या पातळीपेक्षा ती वीज जास्त भरली की मोटरला चालू होण्याचा हुकूम मिळतो. पातळी खाली गेली तरी मोटर लगेच थांबत नाही, थोडा वेळ वाट बघते आणि मग थांबते. ‘एच’वर कळ असली तर हलका आवाजही पुरतो, ‘एल’वर मोठं बोलावं लागतं. म्हणजे गजबज असेल तिथे ‘एल’, शांत खोलीत ‘एच’. कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांतही सांगितलेलं असायचं, की आजूबाजूच्या परिस्थितीप्रमाणे या सोयीचं काम बदलतं, मनासारखं होत नसेल तर ती बंद ठेवा.

अडचण मोटरची आहे. हुकूम मिळाल्यावर तिला पूर्ण वेग धरायला क्षणभर लागतो. तेवढ्यात वाक्यातला पहिला शब्द, निदान पहिलं अक्षर, निघून गेलेलं असतं. त्यानंतरचा भाग फीत हळू सरकत असताना टिपला जातो, आणि ऐकताना फीत नेहमीच्या वेगानं धावते, म्हणून तो आवाज बारीक, चिरका येतो. व्हीओआर लावून भरलेली कॅसेट ओळखायची खूण हीच. दर थोड्या वेळानं एक चिरका ‘चीं’, आणि त्यामागे डोकं उडालेलं वाक्य.

आता मनीषनगर. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोड सोडून रेल्वेलाइन ओलांडली की लागणारी ही वस्ती. पुढे बेसा, बेलतरोडी. मुंबईकडे जाणारी मुख्य लाइन अगदी जवळून जाते. फाटकावर ताटकळणं इथल्या लोकांच्या पाचवीला पुजलेलं होतं. 2020 साली उड्डाणपूल आणि भुयारी रस्ता झाला, तेव्हा सुटका झाली. वर्धा रोडच्या पलीकडे सोनेगावचा विमानतळ. म्हणजे एका बाजूनं गाडीची शिटी, दुसऱ्या बाजूनं विमान, आणि मार्चअखेरपासून पाऊस पडेपर्यंत घराघरातल्या खिडकीत कूलर. आवाजाच्या जोरावर चालणाऱ्या यंत्राला यापेक्षा अवघड जागा शोधून सापडायची नाही.

आमच्या शेजारच्या काकांनी नव्वदच्या दशकात त्यांच्या आईच्या, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आजींच्या, आठवणी टेप केल्या होत्या. एक कॅसेट उन्हाळ्यातली, एक डिसेंबरातली. दोन्ही वेळा टेप तोच, कळ ‘एच’वर, खोली तीच. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. काकांना त्या कॅसेट संगणकात घ्यायच्या होत्या, म्हणून आम्ही बसून दोन्ही पूर्ण ऐकल्या.

उन्हाळ्याच्या कॅसेटवर पहिल्या मिनिटापासून कूलरचा घूं आवाज आहे, आणि तो त्रासदायक आहे. पण त्या आवाजामुळे यंत्राला वाटत राहिलं की कोणीतरी बोलतंय, आणि बाजू संपेपर्यंत मोटर एकदाही थांबली नाही. त्यामुळे आजींचं सगळंच त्यात आलं. त्या बोलता बोलता थांबतात, पदर सारखा करतात, पाणी मागतात, नातवाला ‘तिकडं खेळ बाप्पा’ म्हणतात आणि पुन्हा सुरू करतात. या टेपमध्ये आवाज कमी झाला की आतलं सर्किट आपणहून पातळी वाढवतं. म्हणून आजी थांबल्या की कूलरची घूंघूं हळूहळू फुगत जाते आणि त्या बोलायला लागल्या की दबते. त्या किती वेळ गप्प राहिल्या, हे त्या फुगण्यावरून कानाला मोजता येतं. जात्यावर बसलेल्या बायांच्या गोष्टी आहेत, माहेरच्या शेतातला कापूस आहे, आणि सासूचं एक लांबलचक गाऱ्हाणं आहे, जे सांगताना आजी मध्येच हसायला लागतात.

डिसेंबरची कॅसेट स्वच्छ आहे. कूलर नाही, पंखा नाही, खिडक्या बंद. आवाज इतका नितळ की आजी समोर बसल्यासारख्या वाटतात. आणि तीच कॅसेट तुटकी आहे. कारण विषय होता 14 ऑक्टोबर 1956.

आजी वर्धा जिल्ह्यातल्या. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. घरातल्या मोठ्या माणसांबरोबर पांढरं लुगडं नेसून त्या नागपूरला आल्या, बरोबर त्यांची धाकटी बहीणही होती. अशोक विजयादशमीचा दिवस, आज जिथे दीक्षाभूमी आहे ते मैदान, लाखोंचा जमाव. कुशीनाराचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी धम्माची दीक्षा घेतली, आणि नंतर जमलेल्यांना स्वतः दिली, बावीस प्रतिज्ञांसह. त्या जमावात उभ्या असलेल्या एका तरुण बाईनं चाळीस वर्षांनंतर सांगितलेली ही हकिगत. अशी हकिगत कोणी भराभरा सांगत नाही. आजीही सांगत नाहीत. त्या एक वाक्य बोलतात आणि थांबतात. थांबल्या की टेप थांबतो. पुन्हा बोलू लागल्या की चिरक्या आवाजात अर्ध्यापासून वाक्य येतं. ‘आमी उठून उभे रायलो अन् मंग’ एवढं आहे. त्यानंतर खट्, आणि ‘...रडूनच रायल्या होत्या सगळ्या’. मध्ये त्या किती वेळ गप्प होत्या? वाक्याच्या सुरुवातीला कोणाचं नाव घेतलं? कॅसेटवर त्याचा मागमूस नाही. एका ठिकाणी तर कोणीच बोलत नाही आणि टेप चालू होतो: लांबून गाडीची शिटी, डब्यांची धडधड, आणि पुन्हा बंद. यंत्रानं इमानदारीनं मुंबई लाइनवरची गाडी टिपली आणि आजींचा थांबा टाकून दिला.

थांबण्याला मी एवढं महत्त्व देते, कारण बोलून सांगितलेल्या इतिहासात माणूस कुठे अडलं ही माहितीच असते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 साली दिलं. 20 जुलै 1942 रोजी याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली होती. अशा सभांना गेलेल्या, पोरंबाळं सांभाळून चळवळ केलेल्या बायांची नावं त्या पुस्तकामुळे टिकली. त्या पिढीचं बोलणं वहीत कमी आणि तोंडी जास्त होतं. ज्या घरात असा आवाज एखाद्या कॅसेटवर आहे, त्या घराकडे दप्तरखान्याच्या तोलाचा कागद आहे.

ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामात हजाराहून जास्त गावांतल्या बायांच्या एक लाखावर ओव्या जमल्या. बहुतेक ओव्या आधी कागदावर उतरल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं त्यातल्या काही गाताना ध्वनिमुद्रित झाल्या, आणि आता त्या ‘पारी’ या पी. साईनाथांच्या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतात. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. कागदावर ओवी दोन ओळींत संपते. ऐकताना कळतं की बाई कुठे श्वास घेते, कुठे दुसरी बाई ओळ उचलते, कुठे कोणी शब्द सुचवतं. ते सगळं ओळींच्या मधल्या जागेत असतं, आणि नेमकी तीच जागा व्हीओआर कापून टाकतो.

असा टेप तुमच्याही माळ्यावर असेल, तर लावायची रीत सांगते. जुने सेल आत राहून फुटले असतील तर स्प्रिंगवर हिरवट थर दिसेल. तो आधी साफ करा. नवे अल्कलाइन सेल घाला. सेल उतरू लागले की मोटर मंदावते आणि ऐकताना आवाज उंच येतो, म्हणून मोठ्या बैठकीआधी सेल नवेच हवेत. अॅडॅप्टर लावायचा तर व्होल्टेज आणि पिनेची अधिक-उणे दिशा टेपच्या मागच्या चिठ्ठीशी ताडून बघा. झाकण उघडून हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. तपकिरी काळपट मळ निघतो, तो निघेपर्यंत पुसत राहा.

कॅसेट सी-60 घ्या, एका बाजूला अर्धा तास. सी-90 चालते. सी-120 नको: तिची फीत सी-60च्या निम्म्या जाडीची असते आणि लहान टेपमध्ये गुंतते. कॅसेटच्या सुरुवातीला फितीचा जो कोरा तुकडा असतो त्यावर काही उमटत नाही, तो आधी पुढे गुंडाळून घ्या. टेप टेबलावर थेट ठेवला तर मोटरची घरघर लाकडातून माइकमध्ये जाते, म्हणून खाली घडी घातलेली चादर ठेवा. बाहेरचा माइक असेल तर तो बोलणाऱ्याच्या पदराला किंवा सदऱ्याला, तोंडापासून वीतभर खाली. व्हीओआर ‘ऑफ’. आधी स्वतः तारीख, जागा आणि समोर कोण बसलंय ते बोला, टेप करायला त्यांची हरकत नाही ना हे विचारा आणि तो होकारही फितीवर येऊ द्या. मग मिनिटभर भरून मागे नेऊन ऐका. बैठक संपली की कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही खिट्ट्या मोडा. त्या मोडल्या की चुकून कोणी वर दुसरं काही भरू शकत नाही.

जुनी कॅसेट संगणकात घ्यायची असेल तर खिट्ट्या आधी मोडा, बाकी सगळं नंतर. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फीत सैल होते. ज्या टेपवर भरलं त्याच टेपवर ऐकण्याचा हट्ट नको; चांगल्या अवस्थेतला घरगुती डेक मिळाला तर वेग स्थिर राहतो. डेकचा पट्टा वितळून डांबरासारखा झाला असेल तर नवा घालून घ्यावा लागतो. सीताबर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत विचारपूस करायला हरकत नाही. संगणकात घेतल्यावर घूंघूं काढून टाकण्याचा मोह होतो. काढा, पण वेगळ्या प्रतीत. मूळ जसं आहे तसं ठेवा. आजींच्या उन्हाळ्याच्या कॅसेटमधून आम्ही कूलर पुसून पाहिला, आणि त्याबरोबर त्यांचं हलकं हुंकारणंही गेलं. ती प्रत आता फक्त नातेवाइकांना पाठवायला वापरतो.

डिसेंबरच्या कॅसेटवरच्या प्रत्येक चिरक्या जागेपुढे काकांनी वहीत खूण केली आहे: आधीचं शेवटचं वाक्य, नंतरचं पहिलं, आणि मध्ये विचारायचा प्रश्न. आजींची ती धाकटी बहीण, म्हणजे काकांची मावशी, हिंगणघाटला असते. मैदानात गेली तेव्हा परकर-पोलक्यातली पोर होती, आता ऐंशी ओलांडली आहे आणि स्मरणशक्ती खणखणीत आहे. येत्या महिन्यात आम्ही तिच्याकडे जाणार आहोत. पहिला प्रश्न ‘अन् मंग’च्या पुढचाच आहे.

मोबाइल असताना टेप कशाला, असं घरातल्या पोरांनी विचारलं. मोबाइलवरही घेणारच आहोत. पण बहिणीचा आवाज ज्या यंत्रात गेला, त्याच यंत्रात आपला जावा, असं मावशीनंच सांगितलंय. मे महिना आहे, तेवढा वेळ कूलर बंद ठेवता येईल का, असं काकांनी तिला फोनवर विचारलं. ‘बंद कायले? चालू ठेवजो बाप्पा, मले घाम येते,’ असं उत्तर आलं. तेव्हा कूलर बाजूच्या खोलीत, कमी वेगावर. पदराला लावायचा माइक आणि चार नवे पेन्सिल सेल काकांनी आणून ठेवलेत, सी-60च्या दोन कोऱ्या कॅसेटही मिळाल्यात, आणि टेपवरच्या त्या कळीवर त्यांनी आत्ताच चिकटपट्टी मारून टाकली आहे, ‘ऑफ’वर.