पडलेल्या झाडाची मुदत

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, आंबा-फणस मुळांसकट उलथले. पुढे चर्चा झाली ती भरपाईची. आडव्या झालेल्या लाकडाचे काय करायचे, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या अंगणात राहिला. माझे म्हणणे असे, की जंगलाबाहेर आपोआप पडलेले झाड हा मुदतीचा माल आहे. ते चार-सहा आठवड्यांत कापून, फोडून, आडोशाला रचले तर सरपण होते, नाहीतर रोगाचे घर होते. आपली परवानगीची व्यवस्था ही मुदत जमेसच धरत नाही.

मुदत कशी ठरते, ते लाकडातच दिसते. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असते. ते जाळले तर बरीचशी उष्णता पाणी उडवण्यातच खर्ची पडते आणि घर धुराने भरते. वाळायला ऊन-वारा हवा, आणि कोकणात वादळ येते ते नेमके पावसाच्या तोंडावर. म्हणून पहिले काम कटरवाल्याचे. वाकून अडकलेल्या खोडाची एक बाजू ताणलेली असते, दुसरी दबलेली. चुकीच्या बाजूने साखळी घातली तर पाते तरी जखडते, नाहीतर ओंडका उसळून माणसावर येतो. खोडाला चिकटलेल्या मातीने साखळीची धार मिनिटांत जाते. पुढचे काम टेम्पोवाल्याचे. सरपण वजनाला भारी आणि भावाला हलके. त्यामुळे हप्ते चालू असलेली नवी गाडी या धंद्यात परवडत नाही. हप्ते कधीच फिटलेला, पाट्या ठेचलेला जुना 407च वाडीच्या बोळात मागे लावला जातो. ही जुनी गाडी म्हणजे मागासलेपण नव्हे, या धंद्याचा तो सरळ हिशेब आहे. लाकडाचाही हिशेब मांडून पाहू. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे 650 मेगाज्यूल उष्णता असते आणि शेगडीवर तिच्यातली निम्म्याहून अधिक भांड्याला लागते. साध्या चुलीत लाकडाची जेमतेम दहा-पंधरा टक्केच लागते. वाळक्या लाकडाला किलोमागे 15 मेगाज्यूल धरले, तर एका सिलिंडरच्या बदल्यात साधारण 200 किलो सरपण लागते. म्हणजे एखाद्या मोठ्या आंब्याचे दोन टन वाळके लाकूड निघाले, तर ते दहा सिलिंडरांच्या तोलाचे झाले. फार नाही, पण फेकून देण्याइतके थोडेही नाही.

‘कुजू द्या, मातीचे मातीत जाईल’ हा युक्तिवाद जंगलात खरा आहे, वाडीत नाही. कुजत्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा वाढतो आणि मग उभ्या माडांच्या कोंबात शिरतो. स्वीडनमध्ये जानेवारी 2005च्या ‘गुद्रुन’ वादळाने सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवे केले. तिथेही घाई होती ती साल पोखरणाऱ्या भुंग्यांमुळेच. माडाचे खोड सरपण म्हणून सामान्यच, हे मान्य. पण तेही वाडीबाहेर न्यायला करवत आणि गाडी लागतेच.

अडचण आहे ती कायद्याच्या रचनेत. 1927च्या भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येत पडलेले आणि पाडलेले झाड एकाच पंक्तीत बसते, आणि त्याच अधिनियमाचे कलम 41 वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना देते. महाराष्ट्राच्या 1964च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही परसातली झाडेही आहेत. वाऱ्याने काय केले आणि माणसाने काय केले, हा भेद अशा चौकटीत ठळक राहत नाही. साहजिकच टेम्पोवाला अनोळखी लाकूड उचलायला कचरतो. पण ही चौकट हलवता येते. 2017च्या दुरुस्तीने बांबू या अधिनियमातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळला गेला. त्याआधी 2011मध्ये लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार मिळाला होता.

सर्वांत वजनदार आक्षेप गैरवापराचा: सवलत दिली की रात्री पाडलेले झाड सकाळी ‘पडलेले’ होईल. भीती खरी आहे, पण पुरावा खोटे बोलत नाही. उन्मळलेल्या झाडाला मुळांचा मातीसकट गड्डा असतो, मोडलेल्या खोडाला चिरफाळलेले तंतू असतात आणि कापलेला बुंधा सपाट असतो. बुंध्याकडचा भाग पंचनाम्यापर्यंत न कापता ठेवायचा आणि त्याचे स्थळासह छायाचित्र घ्यायचे, एवढी अट पुरेशी आहे. मुळे आधीच तोडून झाड ढकलले असेल, तर तेही गड्ड्यावरच्या घावांत दिसते. दुसरा आक्षेप जैवविविधतेचा. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांतून वठलेली वा वाऱ्याने पडलेली झाडे हलवू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 14 फेब्रुवारी 2000चा आदेश आहे. तो योग्यच आहे, आणि या सूचनेने त्याला धक्का लागत नाही. इथे प्रश्न रस्त्याकडेच्या, परसातल्या आणि वाडीतल्या झाडांचाच आहे. राहिला धुराचा. चुलीचा धूर बाईच्या फुप्फुसात जातो, त्यामुळे स्वयंपाकाला गॅसच हवा, यात वाद नाही. पण न्हाणीचे पाणी आणि सरण यांना लाकूड लागतेच. ते पडलेल्या झाडाचे नसेल, तर उभ्या झाडाचे असेल.

म्हणून शासनाकडे मागणी एवढीच: वादळग्रस्त जाहीर झालेल्या गावांत वनक्षेत्राबाहेरच्या पडलेल्या झाडांसाठी सात दिवसांत ग्रामपंचायतीचा पंचनामा व्हावा, तोच वाहतूक पास मानला जावा, आणि कटर चालवणाऱ्याच्या शिरस्त्राणाचा व विम्याचा खर्च आपत्ती निधीतून मिळावा. हा आदेश वादळानंतर नव्हे, एप्रिलमध्येच निघायला हवा.